चौथ्या मजल्यावरचा बुधवार

लिफ्ट बंद पडली तेव्हा दुरुस्तीवाला सांगून गेला होता की दोन दिवसांत नवा भाग येईल. त्याला आता तीन आठवडे होत आले. तो भाग कुठून निघाला आणि कुठे अडकला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इमारतीतली तरणी मंडळी दोन दोन पायऱ्या गाळत वरखाली करत होती, त्यामुळे त्यांना त्याची फारशी फिकीरही नव्हती. फिकीर होती ती तिघांना: पाचव्या मजल्यावरच्या बाई, चौथ्यावरचे घड्याळजी आणि तिसऱ्यावरच्या सिस्टर. तिघांचे मिळून सहा गुडघे, आणि त्यांतला धड म्हणावा असा एकच, तोही सिस्टरांचा डावा. उतरायचं म्हटलं तर तिघंही कसेबसे उतरले असते. पुन्हा वर यायचं कसं, इथे घोडं अडलं होतं.

तेव्हा तिघं घरात अडकले, आणि घरात अडकलेली माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. बोलत बसले. तिघांच्याही स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच डक्टकडे उघडत. एरवी त्या डक्टमध्ये पाण्याचे पाइप आणि कोणाचा तरी निसटून पडलेला पंचा याखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं, पण आवाज मात्र असा घुमायचा की पाचव्या मजल्यावर चमचा पडला तर तिसऱ्यावर सिस्टर म्हणायच्या, उचला. सकाळी दहाला तिघंही आपापली खुर्ची खिडकीशी ओढत आणि बारापर्यंत जगाचा निकाल लावत. एकमेकांची तोंडं त्यांना दिसत नसत. वरचा आवाज बाईंचा, खालचा सिस्टरांचा आणि मधले आपण, असा घड्याळजींचा हिशेब होता, आणि बायको गेल्यापासूनच्या सहा वर्षांत इतकं बोलणं आपण कधी केलं नव्हतं हे त्यांच्या मनाशी कबूल होतं.

त्या दिवशी सकाळी मात्र गप्पांना रंग चढत नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी घड्याळजींची परीक्षा होती.

झालं होतं असं. घड्याळजींचा मुलगा दूरच्या शहरात राही आणि दर रविवारी अकराला न चुकता फोन करी. गेल्या शनिवारी घड्याळजी असेच खिडकीशी बसले असताना आतला फोन वाजत राहिला. शनिवारी कोण करणार म्हणून ते उठले नाहीत. दुपारी पुन्हा वाजला तेव्हा मुलगा होता. सकाळी तीनदा केला, तुम्ही होतात कुठे, असं त्यानं विचारलं. घड्याळजी म्हणाले, अरे, शनिवारी कशाला करतोस. त्यावर मुलानं, बरं बाबा, म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, घड्याळजी अकरा वाजता फोनजवळ जाऊन बसले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, शेवटी त्यांनीच फोन लावला. मुलगा म्हणाला, बाबा, मी ऑफिसात आहे. रविवारी? असं त्यांनी विचारल्यावर मुलगा म्हणाला, हो बाबा, ऑफिसात. तेही आपण तापात पडलेल्या लहान मुलाशी बोलतो तशा मऊ आवाजात.

पोराला रविवारीसुद्धा राबवतात हे ऐकून बाई आणि सिस्टर दोघी हळहळल्या. बाईंनी तर त्या कंपनीला पत्र लिहायची तयारी दाखवली. पण सोमवारी संध्याकाळी मुलाचा पुन्हा फोन आला. गुरुवारी सकाळी अकराला एक डॉक्टर तुम्हाला फोन करतील, म्हणाला, काही साधे प्रश्न विचारतील, वार कोणता वगैरे, घाबरायचं काही कारण नाही. आणि शेवटी अगदी सहज घातल्यासारखं, इकडची पूर्वेकडची खोली रिकामीच आहे, असंही म्हणाला.

घाबरायचं कारण नाही असं म्हटलं की माणूस घाबरतो.  घड्याळजींचे थोरले भाऊ असेच गेले होते. आधी त्यांचे वार चुकायला लागले, मग महिने, मग माणसं. शेवटच्या वर्षी तर ते घड्याळजींनाच रोज विचारत, तुमचे धाकटे बंधू अजून घड्याळं दुरुस्त करतात का. घड्याळजी दर वेळी सांगत, करतात. आपलंही आता तसंच होणार, अशी धास्ती त्यांनी मनात धरली होती. मुलगा भला होता, सूनही भली होती, पूर्वेकडच्या खोलीत ऊनही चांगलं येत असेल. पण तिथे खिडकीशी ठेवलेलं आपलं कामाचं टेबल नसणार, बारीक स्क्रूंचा खण नसणार, आणि खिडकीतून काही बोललं तर वरून किंवा खालून कोणी ओ देणार नाही. त्यांना जायचं नव्हतं. हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं, डक्टमध्ये मात्र स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणून आज रंगीत तालीम. सिस्टर डॉक्टर झाल्या होत्या, कारण चौतीस वर्षं इस्पितळात काढल्यामुळे काय विचारतात ते त्यांना तोंडपाठ होतं. बाई झाल्या पर्यवेक्षक. त्यांना तसं कोणी नेमलं नव्हतं, पण बाईंना नेमावं लागत नसे.

पहिला प्रश्न, आज वार कोणता. घड्याळजींनी टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या घरात अकरा घड्याळं होती, अकराही सेकंदाला सेकंद धरून चालणारी, पण वार सांगणारं एकच, एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलेलं आणि कधीच न नेलेलं. बुधवार, ते म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, बरोबर, माझ्या गोळ्यांच्या सात खणांच्या डबीतही आता बुधवारचीच पाळी आहे. बाई वरून म्हणाल्या, घड्याळात बघून सांगणं म्हणजे कॉपी.

मग शंभरातून सात सात वजा करत जायचं होतं. घड्याळजी ब्याण्णवावर आले, तसं बाईंनी त्र्याण्णव म्हणून दटावलं. सिस्टरांनी शहाऐंशीनंतर अठ्ठ्याहत्तर बरोबर धरले म्हणून बाईंनी त्यांनाही दटावलं. सिस्टर म्हणाल्या, परीक्षा माझी नाही. शेवटी ती वजाबाकी बाईंनी एकट्यानंच दोनपर्यंत नेऊन संपवली आणि उरलेल्या दोनाचं काय करायचं यावर पाच मिनिटं गेली.

पुढे तीन शब्द लक्षात ठेवायचे होते. सिस्टरांनी शब्द दिले, मधे इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मग सिस्टरांनी विचारलं, सांगा बघू. चमचा, छत्री, खिडकी, असं घड्याळजी म्हणाले.  मग सिस्टर हळूच म्हणाल्या की छत्री होती खरी, पण बाकीचे दोन कोणते दिले होते ते आता त्यांना आठवत नाही. बाईंचं म्हणणं, त्यात गालिचा होता. गालिचा कुठून आला हे कोणाला कळेना. घड्याळजींना आपले तिन्ही शब्द बरोबर आहेत याची खात्री होती, पण पास करायलाच कोणी शुद्धीवर नव्हतं. अजून पुरा एक दिवस हातात आहे, एवढाच काय तो दिलासा होता.

एवढ्यात अकराही घड्याळांनी अकराचा ठोका गाठला आणि आत फोन वाजला.

घड्याळजी फोन ओढून त्याच्या वायरीसकट खिडकीजवळच्या टेबलापर्यंत आले. पलीकडून बाईमाणसाचा तरुण आवाज आला.

"नमस्कार काका, मी डॉक्टर बोलतेय. तुमच्या मुलानं आजची अकराची वेळ घेतली होती. बोलायला मोकळे आहात ना?"

 डॉक्टरांचा फोन गुरुवारी यायचा होता. तो आज आला. म्हणजे आज गुरुवार. मग बुधवार गेला कुठे? मोकळा आहे, असं घड्याळजी कसंबसं म्हणाले.

"मग सोप्यापासून सुरुवात करू. आज वार कोणता आहे?"

गुरुवार, एवढं म्हटलं की सुटका होती. उत्तर फोननंच हातात आणून दिलं होतं, आणि डॉक्टरांना काही कळलंही नसतं. पण दुसऱ्याच्या घड्याळात बघून आपलं लावायचं आणि वर ते आपोआप बरोबर चालतं म्हणून सांगायचं, हा उद्योग घड्याळजींनी उभ्या जन्मात केला नव्हता.

"डॉक्टर, तुमचा फोन आला म्हणून मी आता गुरुवार म्हणू शकतो," ते म्हणाले, "पण एका मिनिटापूर्वी विचारलं असतंत तर मी बुधवार सांगितलं असतं. तेव्हा माझं उत्तर बुधवार असंच लिहा. फक्त मला पाच मिनिटं द्या. हे कुठे चुकलं ते मला बघायचंय."

डॉक्टरांना असा उमेदवार पहिल्यांदाच भेटला असावा. बघा, म्हणाल्या.

घड्याळजींनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि खिडकीतून वर आणि खाली दोन्हीकडे सांगितलं की आज गुरुवार आहे, फोनवर डॉक्टर आहेत, आणि आपण तिघांनी मिळून एक दिवस हरवला आहे.  मग सिस्टर म्हणाल्या की त्यांच्या डबीत बुधवारच आहे. ती डबी कोणाला विचारून उघडता, असं घड्याळजींनी विचारलं. तुम्हालाच, सिस्टर म्हणाल्या, रोज संध्याकाळी गोळीच्या वेळी वार कोणता म्हणून विचारते ते कशाला?

ते खरं होतं. विजेच्या ज्या झटक्यानं लिफ्ट गेली त्यातच सिस्टरांचा टीव्हीही गेला होता. त्यांच्या बटणाच्या मोबाइलमध्ये अजून सहा वर्षांपूर्वीचं साल चालू होतं. त्या साली यजमान हयात होते, म्हणून सिस्टर ते बदलू देत नसत. त्यामुळे त्यांचा वार घड्याळजींच्या तोंडून येई. आणि घड्याळजींचा? घड्याळजींचा त्या घड्याळातून. पण त्या घड्याळाला गेल्या आठवड्यात काय झालं होतं ते त्यांना आता आठवलं आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

त्याचं असं झालं होतं. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या घड्याळात शुक्रवार दिसत होता, आणि वरून दोरीनं उतरलेला पेपर मात्र गुरुवारचा होता. बाई रोज सकाळी पेपर वाचत, शब्दकोडं सोडवत आणि चारला तो पिशवीत घालून खाली सोडत. घड्याळ एक दिवस पुढे पळालं असं समजून घड्याळजींनी ते उघडलं, पुसलं, तेल दिलं. दोष सापडला नाही याचा त्यांना मनस्वी त्रास झाला होता. शेवटी त्यांनी वाराचं चाक हातानं मागे फिरवलं आणि ही गोष्ट कोणाजवळ बोलले नाहीत. दोष सापडत नाही म्हणजे आपली नजर गेली, असं त्यांना वाटलं होतं.

हे त्यांनी आता खिडकीत सांगितलं. 

त्यावर खालून सिस्टरांचा कबुलीजबाब आला. त्याच संध्याकाळी तुम्ही गुरुवार म्हणालात, त्या म्हणाल्या, मी गुरुवारचा खण उघडला तर रिकामा. मला वाटलं, सकाळी गोळी घेतली आणि आपण विसरलो. चौतीस वर्षं लोकांना गोळ्या दिल्या आणि स्वतःची घेतलेली आठवत नाही. लाज वाटली हो. त्या दिवशी घेतलीच नाही आणि कोणाला बोलले नाही.

आता उरल्या बाई. 

"बाई," घड्याळजी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही खाली सोडलात तो पेपर त्याच दिवशीचा होता का?"

बाईंनी घसा साफ केला. त्यांचं म्हणणं असं, की जिना झाडणाऱ्या मावशी खालून पेपर वर आणून देतात. गेल्या आठवड्यात त्या एक दिवस आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही पेपर एकदम आणून दिले. आता दोन पेपर हातात आल्यावर आधीचा आधी वाचायचा, नंतरचा नंतर. धडा गाळून पुढे गेलेलं बाईंना शाळेतही कधी चाललं नव्हतं. एका दिवशी एक पेपर, असा त्यांचा नेम होता. म्हणून त्यांनी पहिला वाचला, दुसरा घडीसुद्धा न मोडता गादीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी गादीखालचा काढला आणि नवा आलेला गादीखाली घातला. तेव्हापासून तसंच चाललं होतं.

मग वाराचं काय, असं दोघांनी एकदमच विचारलं.

मला वाटलं, बाई म्हणाल्या, की आपला पेपर शिळा असेल. पण तुम्हा दोघांना विचारलं तर घड्याळजी म्हणाले गुरुवार, सिस्टर म्हणाल्या गुरुवार, पेपरातही गुरुवार. तिघं एक सांगतात म्हटल्यावर चुकले असेन ती मीच. या वयात कोणाला विचारायला जायचं, की हो, आज वार कोणता?

यावर कोणी हसलं नाही. तिघांनाही एकाच वेळी कळलं की गेले सहा दिवस आपण प्रत्येक जण एकट्यानं भीत होतो, आणि तेही एकाच गोष्टीला. पेपर बघून घड्याळजींनी घड्याळ मागे घेतलं, घड्याळजींना विचारून सिस्टरांनी डबी उघडली, आणि त्या दोघांचं ऐकून बाईंनी पेपर खरा मानला. शनिवारचा फोन रविवारचाच होता. मुलगा ऑफिसात होता तो सोमवारीच. म्हणजे त्या कंपनीला पत्र गेलं नाही हे बरंच झालं, असं सिस्टर म्हणाल्या.

घड्याळजींनी रिसीव्हर उचलला. पलीकडे डॉक्टर तशाच थांबल्या होत्या, आणि बहुधा त्यांनी बरंचसं ऐकलंही होतं, कारण डक्टमधलं काही लपून राहत नसे. घड्याळजींनी त्यांना सगळं क्रमवार सांगितलं. मावशी आल्या नाहीत इथपासून गादीखालच्या पेपरापर्यंत, कोणत्या दिवशी काय घडलं आणि कोणी कोणाचं ऐकलं, एकही कडी न सोडता. शेवटी म्हणाले, घड्याळ मागे पडतं तेव्हा सगळी चाकं बिघडलेली नसतात. एक कुठेतरी अडतं आणि बाकीची निमूट त्याच्यामागून जातात. इथे तर घड्याळ बरोबर होतं. चूक दुरुस्त करणाऱ्याची झाली.

 मग डॉक्टरांनी उरलेले प्रश्न विचारले. सातांची वजाबाकी घड्याळजींनी सरळ दोनपर्यंत नेली, आणि खाली दोन उरतात, त्यांचं काही करायचं नसतं, असंही सांगून टाकलं. तीन शब्दही झाले. अखेरीस डॉक्टरांनी ते पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी उलट विचारलं, तुमचे तीन की सिस्टरांचे तीन, आणि सहाही सांगितले. खालून सिस्टर म्हणाल्या, आत्ता आठवलं, खिडकीच होती. पहिलं उत्तर मला चूकच लिहावं लागेल, डॉक्टर हसत म्हणाल्या. चूकच लिहा, घड्याळजी म्हणाले, ते चूकच होतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. आवाज गेल्या वेळेपेक्षा मोकळा होता, पण पुरता मोकळा नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या बाबांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, असं त्यानं सांगितलं. घड्याळजींनी भिंतीला पाठ टेकली. मग मुलगा म्हणाला,

"पण बाबा, सहा दिवस वार चुकलेला आणि कोणाला पत्ता नाही. तुम्ही तिथे एकटे राहता म्हणून होतं हे. इकडे असतात तर पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितलं असतं."

घड्याळजींनी यावर दिवसभर विचार केलेला नव्हता. तरी उत्तर तयार असल्यासारखं आलं.

"अरे, मी एकटा असतो तर चुकलोच नसतो. घड्याळ बरोबर होतं, मी त्याच्याकडे बघून मुकाट्यानं शुक्रवार म्हटलं असतं. इतकं चुकायला तीन माणसं लागतात."

 मागे मुलाच्या घरात कोणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज येत राहिला. घड्याळजींनी घाई केली नाही. आपल्याला इथून जायचं नाही हे आज पहिल्यांदाच आपण त्याला सांगितलं, आणि त्याला ते ऐकू गेलं, असं त्यांना वाटलं.

"बरं," मुलगा म्हणाला. "मग रविवारी अकराला करतो फोन. त्या दोघींनाही सांगून ठेवा."

घड्याळजी खिडकीशी गेले आणि त्यांनी निरोप दिला. बाई म्हणाल्या, माझा एक पेपर गादीखाली उरतो, त्याचं काय करू, एका दिवसात दोन वाचले तर चालतील का. सावकाश वाचा, घड्याळजींनी सांगितलं, फक्त खाली सोडताना शिळा आहे म्हणून ओरडा. मग त्यांनी टेबलावरचं ते घड्याळ हातात घेतलं. सहा दिवसांपूर्वी ते खरं सांगत होतं आणि आपण त्याला खोटं पाडलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी वाराचं चाक एक घर पुढे सरकवलं.

"गुरुवार," त्यांनी खिडकीत सांगितलं.

गुरुवार, वरून बाई म्हणाल्या. गुरुवार, खालून सिस्टर म्हणाल्या, आणि डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, नक्की ना, माझा बुधवारचा खण अजून भरलेलाच आहे. मग तिघंही पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले.